मुश्ताक, तुर्कीवाल्यांचा वाद अर्धाच राहिला

मुश्ताक,

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, तुझ्या जियारतीला, तू मला चांगलंच अडचणीत टाकलंस. फातेहा झाली, चहा झाला, मी उठून चपला शोधत होतो, तेवढ्यात हनीफने माझा दंड धरला आणि गल्लीतल्या नळापाशी ओढत नेलं. तुमचा गोलकीपर हनीफ, अडत दुकानात काट्यावर बसणारा, हळू बोलणं ज्याला ठाऊकच नाही तो हनीफ, त्या दिवशी माझ्या कानात बोलला.

"गजू, खरं सांग. काय म्हने मुश्ताकभाई शेवटी? दोन्ही संघ एक करा म्हने, का राहू द्या म्हने?"

"आज राहू दे हनीफ."

"आज नाही तं कवा? रविवारी बैठक हाये. सारे मलेच इचारून राह्यले. शेवटी थो तुह्याशीच बोलला न."

त्याच्या मागे तुमचे चार-पाच जण उभे होते, आमच्यातलेही दोघं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी जे सांगीन तेच आता तुझं मत ठरणार. 'एक करा' म्हटलं तर एक होतील. 'राहू द्या' म्हटलं तर दोन राहतील. गेलेल्या माणसाचा शब्द कोणी मोडत नाही, आणि मी तो शब्द खरा सांगितला की खोटा हे पाहायला तू येणार नव्हतास.

मी दंड सोडवून घेतला आणि निघालो. तेव्हापासून मनात तुझ्याशी भांडतो आहे. बैठक होऊन काही दिवस झाले, आज हे लिहायला बसलो. हार घातलेल्या फोटोखाली छापतात तसलं मला लिहिता येत नाही. आणि तू हसतमुख, मनमिळाऊ वगैरे काही नव्हतास. हरल्यावर तू पंचाशी तर भांडायचासच, पण पंचाच्या मोटरसायकलशीसुद्धा भांडायचास.

आपली पहिली भेट तुला आठवत नव्हती, मला आठवते. मी वडनेरहून खामगावात कॉलेजला आलो तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वसतिगृहात सगळी माझ्यासारखीच पोरं, नांदुऱ्याकडची, जळगाव जामोदकडची. आम्ही एक बॉल आणला आणि मैदानाच्या कोपऱ्यात खेळायला लागलो, कारण मधलं मैदान तुमचं होतं. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मोहल्ल्यातला तुमचा संघ, तुमच्या वडलांच्या काळापासूनचा. आमच्याशी पहिला सामना तुम्ही इतक्या गोलांनी जिंकलात की शेवटी मोजायचं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तू वसतिगृहाच्या दारात उभा. मला वाटलं, आणखी चिडवायला आला.

तू म्हणालास, "उद्याबी या."

मी म्हणालो, "काऊन? मन नाही भरलं काय?"

"तसं नाही बे. आमच्या संगं खेळाले कोनीच नाही. रोज आपसातच खेळतो, मंग आपसातच भांडनं होतात. तुमी आले तं तुमच्याशी भांडू."

मुश्ताक, मला तुझं जर कुठलं वाक्य पटलं असेल तर ते हे. त्या एका वाक्यावर आमचा संघ उभा राहिला. शिकून कोणी मास्तर झाला, कोणी सेवा सोसायटीत चिकटला, कोणी परत शेतीवर गेला, पण रविवारी सकाळी सगळे मैदानावर यायचे. लोक आम्हाला अजून 'होस्टेलवाले' म्हणतात आणि तुम्हाला 'जिनिंगवाले'. आमच्यातला एकही आता होस्टेलात राहत नाही आणि तुमच्यातला एकही जिनिंगमध्ये कामाला नाही.

मग तू आखातात गेलास, एसीचं काम करायला, आणि परत आलास तो डोक्यात तुर्कस्तान घेऊन. तुझ्या खोलीत इस्माईल नावाचा एक तुर्की माणूस राहत होता. तो त्याच्या गावच्या क्लबाची गोष्ट सांगायचा, अर्धी हिंदीत, अर्धी अरबीत, उरलेली हातवाऱ्यांनी. त्या क्लबाचं नाव मी इथे लिहीत नाही. आपल्यात कोणालाच ते धड म्हणता येत नव्हतं, आणि तू तर दर वेळी वेगळंच म्हणायचास. आपण त्यांना नुसतं 'तुर्कीवाले' म्हणायचो.

काळ्या समुद्राच्या काठी, डोंगर आणि पाण्याच्या मध्ये चेपून बसलेलं गाव. तिथे दोन क्लब. एक बंदरावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचा, मोठा आणि जुना. दुसरा शाळामास्तरांनी आणि बाजारातल्या लहान दुकानदारांनी काढलेला, धाकटा. एका क्लबाचा माणूस दुसऱ्याच्या हॉटेलात चहा पीत नसे. सोयरिकीत मुलाचं शिक्षण विचारायच्या आधी क्लब विचारत. मग तिकडच्या फुटबॉलच्या वरच्या मंडळाने सांगितलं, गावाचा एकच संघ आणा, तर मोठ्या स्पर्धेत घेतो. गावात महिनोन्‌महिने भांडणं झाली. शेवटी एकाचा लाल रंग आणि दुसऱ्याचा निळा घेऊन एक क्लब झाला. पहिल्या सामन्याला नवी जर्सी घालायला कोणी तयार होईना, तेव्हा पहिला हाफ लाल जर्सीत खेळले आणि दुसरा निळ्या. पुढे हा क्लब वर चढत गेला. इस्तंबूलच्या श्रीमंत क्लबांना त्यांनी घरच्या मैदानावर पाणी पाजलं. तिथे समुद्राचा वारा असा, की पाहुण्यांनी मारलेला बॉल परत त्यांच्याच गोलाकडे यायचा. मग ते उतरले. आणखी उतरले. समुद्राकाठचं मैदान पाडून तिथून रस्ता गेला, आणि गावाबाहेर नवं स्टेडियम बांधलं, तिथे खुर्च्या जास्त आणि माणसं कमी.

हे तू इतक्या वेळा सांगितलंस की अडतीतल्या हमालांनासुद्धा तुर्कीवाल्यांची खबर असायची. मला मात्र तू एकच गोष्ट सांगत होतास, आणि ती मला कळत होती. आपणही एक व्हायचं.

तेव्हा गरज नव्हती, आणि पुढे गरज पडली. पोरं पुण्याला गेली, नाशिकला गेली, उरली ती क्रिकेटकडे वळली. आपल्या दोघांचेही अकरा भरेनात. जळगाव जामोदच्या स्पर्धेला तेवढ्यापुरतं एकत्र जाऊ असं ठरलं, आणि तिथे तू तुर्कीचा कायदा लावलास. पहिला हाफ तुमच्या हिरव्या जर्सीत, दुसरा आमच्या पिवळ्या.

आमचा पुंडलिक म्हणाला, "पह्यले पिवळी."

हनीफ म्हणाला, "काऊन? तुह्या हळदीले आलो काय आमी?"

उन्हात उभं राहून भांडण चाललेलं, समोरचा संघ मैदानात येऊन थांबलेला, पंच शिट्टी वाजवून वाजवून थकलेला. मग तू ओरडलास, "घाला रे साऱ्यायनं उलट्या!" आणि अंगातली जर्सी काढून तूच पहिली उलटी घातलीस. जर्सी आतून पांढरी. तुमचीही पांढरी, आमचीही पांढरी. सगळा संघ पांढरा झाला, गळ्यामागे कंपनीचे पट्टे लोंबत होते.

पंच धावत आला. "नंबर कुठी हायेत?"

तू म्हणालास, "आत हायेत सर."

लोक जे हसले ते सामना संपेपर्यंत हसत होते. पट्ट्यावरचं माप वाचून आपल्याला हाका मारत होते, "ए डबल एक्सेल, पास दे न!" नंबर दिसत नव्हता म्हणून माझ्या लाथेचं पिवळं कार्ड हनीफला मिळालं. तो काय गोल सोडून मधल्या मैदानात लाथ मारायला येणार होता? पण पंचाला आपण सगळे सारखेच दिसत होतो. आपण हरलो. परतताना टेम्पोत तू माझ्या शेजारी बसला होतास, घामाने थबथबलेला, खूश.

"पाह्यलं? उलट्या जर्सीत आपन एकच दिसतो."

"दिसतो," मी म्हणालो. "सरळ केल्यावर?"

तू त्यावर शेंगा फोडत बसलास. तिथून आपला वाद सुरू झाला तो तू जाईपर्यंत चालला.

मी इतिहासाचा मास्तर. माझ्या दारावरच्या पाटीवर बी.ए., बी.एड. लिहिलंय आणि ते लिहिल्याची मला लाज नाही. "पाटीवर डिग्री लिवली, आता घराले मार्क भेटतीन काय?" असं तू म्हणायचास. पण त्या डिग्रीमुळे मला एक सवय लागली. ऐकलेलं मी एकदा वाचून पाहतो. मोबाइलवर भाषांतर लावून मी तुर्कीवाल्यांच्या क्लबाची त्यांनीच लिहिलेली हकीकत वाचली. भाषांतर भयंकर होतं, त्यात गोलकीपरला 'किल्ल्याचा मालक' म्हटलं होतं, पण मुद्दा समजला. बंदरवाल्यांवर पानंच्या पानं. मास्तरांच्या क्लबाबद्दल एक ओळ. आणि क्लबाच्या बिल्ल्यावर जे स्थापनेचं वर्ष आहे ते एक झाल्याचं नाही, बंदरवाल्यांचं आहे. म्हणजे मास्तरांचा क्लब जणू कधी नव्हताच.

मी बसस्टँडजवळच्या तुझ्या फ्रिज-कूलर दुरुस्तीच्या दुकानात येऊन हे दाखवलं. तू एका फ्रिजच्या मागे डोकं घालून बसला होतास.

"निळा रंग तं हाये न अजून?"

"रंग आहे. नाव कुठं आहे? मोठा लहान्याले गिळते मुश्ताक, मग म्हणते आपण एक झालो."

"इस्माईलनं असं नाही सांगतलं."

"इस्माईल बंदरवाल्यांचा होता काय?"

तू डोकं बाहेर काढलंस. खरोखर विचार केलास आणि म्हणालास, "व्हता. त्याचा बाप बंदरावर व्हता." तुझी ही गोष्ट मला आवडायची. तुझ्या बाजूला पडणारं असो की माझ्या, खरं असलं तर तू ते लपवत नव्हतास. "मंग बिल्ल्यावर वर्षच नोको टाकू न बे आपन. वर्ष काऊन पाह्यजे?"

मी म्हणालो, माझ्यासारख्याला पाहिजे. ज्यांच्या घरी कोणाचं कुठे नाव लिहिलेलं नसतं त्यांना पाहिजे. खेड्यातली पोरं, ज्यांना तुमच्या मैदानाच्या कोपऱ्यात जागा मिळाली, त्यांनी एक संघ केला. तुमचा संघ जुना आहे, तुमचे लोक जास्त आहेत. एक झालो की वर्षभरात सगळे 'जिनिंगवाले'च म्हणतील.

तेव्हा तू जे बोललास ते मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. तू चिंधीने हाताचं तेल पुसत होतास, वर पाहिलं नाहीस.

"गजू, तू लहान्या संघाचा हाये म्हनून बोलून राह्यला, ठीक हाये. पन माहं पाहाय. मी या मैदानावर मोठा आहो. मैदानाच्या बाहेर निंगालो का कुठी मोठा आहो, सांग? बाकी साऱ्या जागी मीच लहाना. गिळाची भीती तू मले सांगतं काय? तरीबी मीच म्हनतो का एक व्हू."

  बाहेर बसस्टँडचा गोंगाट चालला होता. मी तुला विचारलं.

"मग जी एक जागा तुझी मोठी आहे, ती काऊन सोडतो?"

वादात जिंकायला मी ते विचारलं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं. तुमच्या मोहल्ल्यातली पोरं रविवारी हिरवी जर्सी घालून मैदानावर येतात तेव्हा त्यांची चाल बदललेली मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. ती चाल कशाच्या बदल्यात देऊन टाकायची? माझ्या संघासाठी तर मी विरोधात होतोच. त्या दिवशी मी तुझ्या संघासाठीही विरोधात गेलो.

तू म्हणालास, "याचा जवाब देतो तुले. ठैर." तेवढ्यात कूलरची मोटर घेऊन एक गिऱ्हाईक आलं. मी उठलो. तू हात वर करून 'ये पुन्हा' अशी खूण केलीस.

त्यानंतर आपण भेटलो नाही. तू दुकानातच गेलास, भर दुपारी, काम करता करता.

तुझ्यामागे शबानाभाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस घरातच, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा दाराआडून बोलल्या. "भाईजान, वो हर हफ्ते तुर्की का मैच देखते थे। हारे तो खाने पे नही बैठते थे। हमारे घर में सब्जी तुर्की के हिसाब से खराब होती थी।" आम्ही दोघंही हसलो, दाराच्या दोन बाजूंना. मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, "आखरी में चुप चुप थे। मैं पूछी तो बोले, गजू ने कुछ पूछा है, सोच रहा हूँ।"

 तू विचार करत होतास. म्हणजे तुझं ठरलेलं मत माझ्या एका प्रश्नाने हललं होतं, की फक्त उत्तराचे शब्द शोधत होतास? संघातल्यांनाही तू म्हणाला होतास, थांबा, अजून ठरलं नाही. वर्षानुवर्षं ज्याचं ठरलेलं होतं, त्याचं शेवटी ठरेना. ते माझ्यामुळे. जाताना माणसाच्या डोक्यात काय असावं हे कोणाच्या हातात नसतं, हे मी स्वतःला समजावतो. समजत नाही.

रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली सगळे जमले. तुमचे, आमचे, काही नुसते पाहायला आलेले. हनीफ म्हणाला, "गजू सांगीन मुश्ताकभाई काय म्हने ते. मंग कोनी काही बोलू नोका."

मी उभा राहिलो. खोटं बोलायचं माझ्या मनात आलंच नाही असं म्हणालो, तर तेच खोटं होईल. 'राहू द्या' एवढे दोन शब्द. आमचा संघ वाचला असता, आणि खोटं कोणाला कळलंही नसतं.

मी म्हणालो, "त्यानं शेवटी काय ठरवलं ते मले माहीत नाही." लोकांत कुजबुज झाली. "जे माहीत आहे ते सगळं सांगतो." आणि तुझी बाजू मी आधी मांडली. तुझ्यासारखीच, हात नाचवून. तुर्कीवाले, लाल आणि निळा, समुद्राचा वारा, सगळं. आधी चांगलं जमलं, मध्येच कोणीतरी म्हणालं, "हे तं मुश्ताकभाईच बोलून राह्यला," तेव्हा थांबून पाणी प्यायलो. मग माझी बाजू सांगितली. हनीफ ओरडला, "दोघायचा वकील झाला काय बे तू?" मग तू लहान-मोठ्याचं जे बोलला होतास ते सांगितलं. तुझे लोक खाली पाहू लागले. आणि शेवटी माझा प्रश्न सांगितला, आणि तू ठैर म्हणाला होतास तेही.

नंतर जे झालं ते तू पाहायला पाहिजे होतंस.  

मग आमचा पुंडलिक उठला. ज्याला पिवळी पहिली पाहिजे होती तो. "मुश्ताकभाईनं काय जवाब देल्ला असता ते गजूले माहीत नाही, मले बी नाही. थो त्याचा जवाब संगं घेऊन गेला. आपला आपन द्या." आणि त्याने हात वर केला. एक व्हायच्या बाजूने. आमचाच माणूस.

हात वर होत गेले. माझा गेला नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते, पण मी हात वर केला नाही. तू गेलास म्हणून माझं मत बदलावं, तर तू असताना मी जे भांडलो ते सगळं वेळ घालवायला होतं काय? तेवढा तुझा अपमान मी करणार नाही.

मग दिसलं की आणखी एक हात खाली आहे. हनीफचा.

मी विचारलं, "तू काऊन रे?"

तो म्हणाला, "तुह्या सवालाचा जवाब मले भेटला नाही न बे."

तर मुश्ताक, संघ एक झाला. तुला आनंद झाला असता, की त्याच ठिकाणी उभं राहून तू म्हणाला असतास, थांबा, घाई करू नका? मला माहीत नाही. तू मला मैदानावर बोलावलंस, मास्तर व्हायच्या आधी मला कोणीतरी केलंस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, पाटीवर लिवून घे.

नव्या संघाचा सराव सुरू झाला त्या सकाळी मी घरी बसणार होतो. बसलो नाही. बूट घालून गेलो. हनीफ आधीच गोलात उभा होता, हातमोजे चढवत. मैदानात त्याला धरून दहाच जण होते.

पुंडलिक म्हणाला, "मास्तर, तुमी दोघं तं इरोधात व्हते न?"

मी म्हणालो, "आहोच. बॉल टाक इकडे."